‘शेतावर दिला’ म्हणजे कुठे दिला?

ओळखीच्या घरी बऱ्याच दिवसांनी गेलं की दारातच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बेल वाजवली तरी आतून भुंकणं नाही, दार उघडल्यावर छातीवर दोन पाय टेकणारं कुणी नाही. ‘ब्रूनो कुठंय?’ असं विचारलं की यजमान चहाच्या कपाकडे बघत सांगतात, ‘शेतावर दिला. इथं कोंडल्यासारखं व्हायचं त्याला. तिकडं मोकळा हिंडतो आता.’ विषय तिथंच संपतो. कुणाच्या शेतावर, कुठल्या गावाला, शेवटचं कधी बघून आलात, हे विचारणं सभ्यपणात बसत नाही.

‘शेतावर दिला’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गाला फार सोयीचं आहे. मुलांना सांगायला सोयीचं, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायला सोयीचं आणि सगळ्यात जास्त स्वतःला सांगायला. ते दर वेळी खोटं असतं असं नाही. पण शेतकऱ्याला कुत्रा लागतो तो राखणीला. सोफ्यावर झोपायची, माणसांच्या गराड्यात राहायची सवय लागलेला लॅब्राडोर तिथं पोहोचला की पहिल्याच दिवशी पळून जाऊ नये म्हणून साखळीला बांधला जातो, आणि पुष्कळदा ती साखळी पुढे सुटतच नाही. फ्लॅटमध्ये निदान संध्याकाळी फेरी तरी होत होती. इथं चारी बाजूंना मोकळं रान आणि गळ्यात पाच फुटांची साखळी.

शिवाय शेत म्हणजे सुरक्षित जागा, ही शहरातली समजूत आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. या बिबट्यांच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. गावात वाढलेल्या कुत्र्याला निदान अंधार पडल्यावर कुठं थांबायचं हे कळतं. कोथरूडहून किंवा ठाण्याहून आलेल्या कुत्र्याला ते कुणी शिकवलेलं नसतं.

घरातला दांडगा कुत्रा दुसऱ्या घरी देणं हा गुन्हा नाही. काही वेळा तोच शहाणपणा असतो. गुन्हा आहे तो न सांगता, न बघता, जागा मोठी आहे एवढ्यावर विसंबून देण्यात. धावपळ्या कुत्र्याला एकरात मोजायची जागा लागत नाही. त्याला काम लागतं, आणि त्या कामात सोबत असणारं माणूस लागतं.

आपल्याकडच्या धनगराच्या कुत्र्याकडे बघितलं तरी हे समजतं. मेंढरांच्या कळपामागून तो दिवसभर चालतो, रात्री वाड्याभोवती जागा राहतो, आणि त्याच्या ऊर्जेची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे सशामागे सुटणारा कारवान जातीचा कुत्रा असतो. त्याचं लांब, सडपातळ शरीर वेगासाठीच घडलेलं आहे. ज्या विदेशी जाती घरात आल्या, त्यांच्याही मागे असंच एकेक काम आहे. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांच्या हाताखाली राबले. बीगल सशाचा माग काढायला, जॅक रसेल कोल्ह्याला बिळातून हुसकायला, तर हस्की सायबेरियातल्या चुक्ची लोकांच्या घसरगाड्या ओढायला. हे सगळे आता चौथ्या मजल्यावर राहतात. सकाळी सातला दहा मिनिटं खाली, रात्री नऊला दहा मिनिटं खाली. मधल्या चौदा तासांत ते स्वतःच काम शोधतात आणि मग चपला, उशा, वॉशिंग मशीनचा पाइप यांचं जे व्हायचं ते होतं. संत नामदेव पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. आजच्या घरात नेमकं कमी पडतंय ते कुत्र्यामागे धावणारं माणूस.

पण कुत्रा द्यायचा निर्णय बहुतेक घरांत ज्या वयात होतो, तेच वय निर्णयाला सगळ्यात वाईट असतं. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक मजेशीर संशोधन प्रसिद्ध केलं. अंधांना वाट दाखवण्यासाठी तयार होणाऱ्या लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांना त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ सांगून बघितलं. आठव्या महिन्यात ही पिल्लं सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकू लागली होती. अनोळखी माणसाने सांगितलं तर मात्र ऐकत होती! घरात चौदा वर्षांचा मुलगा असलेल्या कुठल्याही आईला हे संशोधन समजावून सांगायची गरज नाही. आणि त्या मुलांप्रमाणेच कुत्र्यांचंही हे वय पुढे सरतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत ती बरीच ताळ्यावर येतात. म्हणजे आठ महिन्यांचा कुत्रा ‘ऐकतच नाही’ म्हणून देणारं घर चार महिने आधी हार मानत असतं.

म्हणून आधी थोडं थांबावं. एकदा डॉक्टरांकडे नेऊन कान, दात, सांधे तपासून घ्यावेत. दुखणारं जनावरही चिडचिडं आणि अस्वस्थ होतं. फेरी लांबवावी आणि त्या फेरीत त्याला मनसोक्त हुंगू द्यावं, कारण हुंगण्याने कुत्र्याचं डोकं दमतं आणि डोकं दमलं की पाय आपोआप शांत होतात. नुसता चेंडू फेकत राहिलात तर आणखी तासभर पळू शकणारा पहिलवान तयार होतो. वाटीतलं जेवण जुन्या टॉवेलात गुंडाळून, खोक्यात लपवून त्याला शोधायला लावावं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं काहीतरी शिकवावं. एवढं दोन-तीन महिने नेटाने केलं तर पुष्कळ घरांत ‘द्यायचा’ हा विषयच मागे पडतो. आणि सोसायटीच्या दबावाखाली कुत्रा काढायची घाई तर अजिबात करू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला, बहुमताने ठराव केला तरी, सभासदाच्या पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. सेक्रेटरींचा आवाज कितीही मोठा असो.

तरीही काही घरांना ते खरंच जमत नाही. आजारपण येतं, नोकरीची पाळी बदलते, घरात तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा एकाच वेळी असतात. तीस किलोच्या कुत्र्याने प्रेमाने मारलेली उडीही आजोबांच्या खुब्याला परवडणारी नसते. अशा घराला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

इथं टोगो नावाच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला हवी. अलास्कातल्या नोम गावात लिओनार्ड सेपाला नावाचा नॉर्वेत जन्मलेला गाडीवान सायबेरियन कुत्रे सांभाळायचा. त्यातलं एक पिल्लू लहानखुरं, आजारी आणि कमालीचं खोडकर निघालं. सहा महिन्यांचं झाल्यावर सेपालाने ते एका ओळखीच्या घरी पाळायला देऊन टाकलं. चांगलं घर, ऊब, लाड, सगळं होतं. थोड्याच दिवसांत त्या पिल्लाने बंद खिडकीच्या काचेतून बाहेर उडी मारली आणि मैलोन्‌मैल पळत ते सेपालाच्या दारात परत आलं. पुढेही ते दावं तोडून गाडीच्या कुत्र्यांमागे धावायचं आणि सगळ्यांना सतावायचं. शेवटी कंटाळून सेपालाने त्याला गाडीला जुंपलं. पहिल्याच दिवशी ते पिल्लू पंचाहत्तर मैल धावलं आणि धावता धावता पुढच्या जागेवर पोहोचलं. ज्याला घरात कुणी आवरू शकत नव्हतं, त्याची सगळी अडचण एवढीच होती की त्याला कुणी काम दिलं नव्हतं.

१९२५च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ आली. त्यावरचं प्रतिविष ६७४ मैलांवरून आणायचं होतं. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी ते टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत पोहोचवलं. त्यातला सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा सेपाला आणि टोगोचा होता. टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. शेवटचा टप्पा बाल्टो नावाच्या कुत्र्याने ओढला म्हणून नाव बाल्टोचं झालं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

पुतळा उभा राहिला, पण घर मिळालं नाही. बाल्टो आणि त्याचे सोबती विकले गेले, फिरत्या खेळांतून दाखवले गेले आणि अखेर लॉस एंजलिसमधल्या एका स्वस्त तमाशाच्या प्रदर्शनात, हालाखीत, बांधलेले सापडले. १९२७ साली क्लीव्हलंडच्या जॉर्ज किंबल नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना तिथं पाहिलं. क्लीव्हलंडमध्ये वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, दहा दिवसांत रक्कम उभी राहिली आणि बाल्टोसह सात कुत्रे तिथल्या प्राणिसंग्रहालयात आले. म्हाताऱ्या टोगोला सेपालाने स्वतः अमेरिकेच्या पूर्वेला, मेन राज्यात, घसरगाडीचे कुत्रे पाळणाऱ्या एलिझाबेथ रिकर यांच्याकडे सोपवलं. १९२९ साली तो तिथंच वारला. एकाच शर्यतीतले दोन कुत्रे. एकाला धन्याने माणूस पारखून दिलं, दुसरा विकला गेला. फरक तेवढाच.

महाराष्ट्रातही असं चांगलं उदाहरण आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर यांनी स्फोटकं शोधण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्महाऊसवर एका प्राणिप्रेमी महिलेच्या देखरेखीखाली राहिले. शेतावरच, पण तिथं त्यांच्याकडे बघणारं माणूस होतं, उपचार होते आणि एकमेकांची सोबत होती. २०१६च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चौघेही एकामागून एक गेले. सोबती गेल्यावर शेवटी उरलेला सीझर खिन्न झाला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. लष्करातल्या कुत्र्यांच्या वाट्याला मात्र तेव्हापर्यंत हेही नव्हतं. निवृत्त कुत्र्यांना दयामरण दिलं जातं, हे २०१५ साली माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि धोरण बदललं. आता हे कुत्रे दत्तक दिले जातात.

काही कुत्र्यांना नवं घर म्हणून थेट नोकरीच मिळते. अमेरिकेच्या विमानतळावर बॅगेतला हापूस हुंगून काढणारा हिरव्या जाकिटातला बीगल कित्येक मराठी आईवडिलांनी पाहिला आहे, काहींनी त्याच्यापायी पेटीही गमावली आहे. हे पथक १९८४ साली लॉस एंजलिस विमानतळावर सुरू झालं. त्यातले अनेक बीगल प्राणिनिवाऱ्यांतून घेतलेले किंवा मालकांनी देऊन टाकलेले असतात. घरात कचऱ्याचा डबा उपडा करणारं नाक तिथं सरकारी पगारावर असतं.

मुळात अशा कुत्र्यांची भरती घरांत होते ती पडद्यावरून. १९९६ साली डाल्मेशियन पिल्लांचा चित्रपट आला. मग अमेरिकेत डाल्मेशियन घेण्याची लाट आली, आणि काही काळाने तीच कुत्री निवाऱ्यांत येऊ लागली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे हस्कीचं तेच झालं. त्या मालिकेतला अभिनेता पीटर डिंक्लेज याला २०१७ साली लोकांना ‘हस्की विकत घेऊ नका’ अशी विनंती करावी लागली. आपल्याकडे २००३च्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघरी नेला, त्याच्या आधी १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने पांढरी केसाळ कुत्री नेली होती. पग निदान सोफ्यावर घोरत तरी पडतो. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांवर पारा असताना दुहेरी केसांचा हस्की घेणाऱ्याला काय म्हणावं? विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ साली बंदी आली, पण पैदास इथंच होते. २०१७च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करायला हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवायला हवी. हे नियम किती ठिकाणी पाळले जातात हे पिल्लू विकत घेतलेल्या कुणालाही विचारावं.

सोडून देण्याबद्दलचा कायदा तर आणखी केविलवाणा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावर भुकेने किंवा तहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यात फार तर दोन-चार वडापाव येतील. कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. २०२०च्या मार्चमध्ये कुत्र्यांपासून कोरोना होतो अशी अफवा पसरली, तेव्हा प्राणी सोडू नका असं आवाहन कल्याण मंडळालाच करावं लागलं होतं.

मग द्यायचा कसा? ‘मोफत देणे आहे’ अशी जाहिरात टाकून पहिल्या फोनवाल्याला मुळीच नाही. नामांकित जातीचा, नसबंदी न झालेला कुत्रा फुकट मिळतोय म्हटल्यावर सगळ्यात आधी फोन येतो तो त्याच्यापासून पिल्लं काढून विकणाऱ्याचा, आणि तोच सगळ्यात गोड बोलतो. म्हणून नसबंदी आधी, देणं नंतर. घ्यायला आलेल्याचं घर जाऊन बघावं. त्याच्याकडे किती खोल्या आहेत हे विचारण्यापेक्षा पहाटे साडेपाचला त्या घरातलं कोण उठतं हे विचारावं. रोज टेकडीवर पळायला जाणारा माणूस, कुत्र्यांचे खेळ शिकवणारा, घरून काम करणारं आणि आधी मोठा कुत्रा सांभाळलेलं जोडपं, ही खरी घरं. रविवारी सिंहगड चढणारा माणूस ऐकायला छान वाटतो, पण बाकीचे सहा दिवस कुत्रा त्याच्याकडेही चौथ्या मजल्यावरच असणार.

आधी पंधरा दिवसांसाठी ठेवायला द्यावा. जमलं तर पुढे, नाहीतर परत आणायची तयारी आपल्याकडे हवी, आणि ‘पुढे कधी सांभाळता आला नाही तर आम्हालाच कळवा’ हे कागदावर लिहून घ्यावं. लसीची वही, त्याची जुनी गोधडी, पहिल्या महिन्याला पुरेल एवढं नेहमीचं खाणं सोबत द्यावं. दिवाळीच्या आठवड्यात घर बदलू नये. नव्या जागेत पहिल्याच रात्री फटाके ऐकलेला कुत्रा फाटकाखालून निसटून दिसेनासा होतो. या क्षेत्रातल्या लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घर समजण्याचे, तीन महिने आपलं वाटण्याचे. नव्या घराला हा हिशेब आधी सांगितला तर चौथ्या दिवशी येणारा ‘हा जेवतच नाही हो’ हा फोन टळतो.

परदेशी निघालेल्या कुटुंबांचं वेगळं. ‘जर्मनीला चाललोय म्हणून देतोय’ हे कारण हल्ली पुण्यात वारंवार ऐकू येतं. युरोपीय संघात भारतातून कुत्रा नेता येतो. मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची चाचणी आणि त्या चाचणीनंतर तीन महिने थांबणं, असं वेळापत्रक आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून नियम कडक केले, पण सहा महिन्यांपेक्षा मोठा, चिप असलेला, कागदपत्रं पूर्ण असलेला कुत्रा तिथंही जातो. तयारीला चार-पाच महिने लागतात. व्हिसाची फाइल उघडली त्या दिवशी कुत्र्याचीही उघडली असती तर ‘देणे आहे’च्या पुष्कळ जाहिराती टळल्या असत्या.

आणि मुलांना खरं सांगावं. कुत्रा कुणाकडे गेला, का गेला, त्यात आपलं काय चुकलं. त्यांना नव्या घरी भेटायलाही न्यावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नको, नंतर जरूर.

शेवटी एक विनंती ती जाहिरात लिहिणाऱ्याला. ‘अत्यंत प्रेमळ, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहणारा’ हे सगळेच लिहितात, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी लिहा: दोन वर्षांचा नर लॅब्राडोर, नसबंदी झालेली. रोज दोन तास बाहेर न्यावा लागतो, नाहीतर चपला फाडतो. पट्टा ओढतो. लहान मुलांच्या अंगावर प्रेमाने उडी मारतो, म्हणून पाच वर्षांखालचं मूल असलेलं घर नको. फटाक्यांना घाबरतो. पोहायला वेडा आहे. ही जाहिरात वाचून दहातले नऊ जण फोन करणार नाहीत. दहाव्याचा नंबर लिहून ठेवा.